बाबांचा पॉज

आमच्या गावच्या मंडळाच्या नाटकात आजवर कोणाचंही पाठांतर पूर्ण झालेलं नाही, आणि हे मी जरा ऐटीतच सांगतो. मंडळ मुंबईतलं, गाव मालवणाकडचं आणि नट सगळे पाळीवर जाणारे. कोणी गिरणीत, कोणी डेपोत, कोणी कुठल्याशा कंपनीच्या गेटवर. तालमीला निम्मे यायचे आणि आलेल्यांपैकी दोघे भिंतीला टेकून झोपायचे. तरी दरवर्षी नाटक व्हायचं. कारण विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेतानं, एक माणूस वही घेऊन स्टुलावर बसलेला असायचा. प्रॉम्प्टर. नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा, एवढंच त्याचं काम. आमचा प्रॉम्प्टर इतका खणखणीत पुरवायचा की पहिल्या तीन रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, एकदा विंगेतून आणि एकदा रंगमंचावरून. मागच्या रांगांतले लोक तक्रार करायचे की आम्हाला एकदाच मिळतं.

हा प्रॉम्प्टर बाबांचा गिरणीतला मित्र. मी त्याला काका म्हणायचो. पडदा ओढायचं खातं बरीच वर्षं माझ्याकडे असल्यामुळे मी त्याच्या शेजारीच उभा असायचो आणि सगळी नाटकं मी बाजूनं पाहिली आहेत. आमच्या मंडळाचे सगळे राजे मला एका कानाचे आणि अर्ध्या मिशीचे म्हणूनच आठवतात. काकाची गंमत अशी की तो वहीत बघायचाच नाही. वही मांडीवर उघडी आणि नजर नटाच्या गळ्यावर. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "शब्द वहीत आहेत रे, ते कुठे जातायत? मला ह्या बैलाकडे बघू दे."

वहीत त्यानं पेन्सिलीनं खुणा केलेल्या असायच्या. एक तिरकी रेघ म्हणजे इथे नट श्वास घेणार. दोन रेघा म्हणजे थांबणार. आणि गोल म्हणजे इथे छत कोसळलं तरी आपण तोंड उघडायचं नाही. एका नाटकाच्या वहीत असा एकच गोल होता. तो बाबांचा.

ते नाटक गावच्या शाळामास्तरांनी मंडळासाठीच लिहिलेलं. बाबा त्यात म्हातारा तांडेल. वादळात होडी घेऊन गेलेला त्याचा मुलगा परतत नाही. म्हातारा आठ दिवस किनारा धुंडाळून घरी येतो. सून पाठमोरी बसून दिवा लावत असते. ती न वळता विचारते, "काय कळला?" आणि म्हातारा थांबतो. मग म्हणतो, "होडी गावली गो." फक्त होडी. सुनेला कळतं, प्रेक्षकांना कळतं, पडदा.

बाबांच्या त्या थांबण्याला मंडळात 'पॉज' म्हणत. तो किती लांब असायचा याबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत. एक गृहस्थ शपथेवर सांगायचे की मी त्यात बाहेर जाऊन तंबाखू मळून परत आलो. बाबा ओठ किंचित उघडायचे, मिटायचे, मानेची शीर हलायची, हॉलमधले पंखे ऐकू यायला लागायचे. मग ते वाक्य. बायका रडायच्या. काका विंगेत डोळे न मिटता बसलेला असायचा, जसा काही तो पॉज त्याच्या हातात आहे आणि सांडेल.

काका गेला. वही आमच्या घरी आली. गिरणीही कधीच गेली होती, बाबांनी नंतर भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं आणि निवृत्त होऊन आमच्या मुलुंडच्या घरात गॅलरीची खुर्ची पकडली. मी मरोळला, लेबलं छापणाऱ्या एका कंपनीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबा विसरायला लागले. सुरुवात मजेशीर होती. ते शेजारच्या इमारतीत शिरले, आमच्याच मजल्यावर चढले, बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईंना म्हणाले, "तुम्ही कोणाकडे आलात?" त्या बाई बिचाऱ्या आपल्याच घरात ओशाळल्या. आम्ही आठवडाभर हसलो. मग ते गॅस विसरले, मग माझ्या बायकोचं नाव एका दुपारी अर्धा तास विसरले, आणि हसणं थांबलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वाढत जाईल. सकाळी ते बरे असतील, संध्याकाळी कमी. जे आवडतं ते करू द्या.

गेल्या वर्षी मंडळानं ते तांडेलाचं नाटक पुन्हा बसवायचं ठरवलं. अध्यक्ष घरी आले ते बाबांना शाल द्यायला या म्हणून सांगायला. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"शाल नको. मी उभो रवतलंय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "काका," अध्यक्ष बाबांना म्हणाले, "आता तुमचं वय..."

"तांडेलाचा वय काय असा? म्हातारो असा ना? आता मेकप नको." मग माझ्याकडे बोट करून, "आणि वही ह्यो धरतलो."

अध्यक्ष गेल्यावर बाबा गॅलरीत आले. खाली मुलं सायकली फिरवत होती. बाबा हळू आवाजात म्हणाले, "ह्या एकदा करूया. मगे माका काय गावाचा नाय." नंतर मला काही सापडणार नाही, असं. आपल्या डोक्यात काय चाललंय हे त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, "करूया की, झकास करूया." माझं असंच असतं. गंभीर प्रसंगी मी मांडववाल्यासारखा बोलतो.

तीन महिने हातात होते. ठरलं असं की रोज सकाळी सहा ते सात, डोकं ताजं असताना, मी आणि बाबा. सातला मी आंघोळीला, पाऊण तासात ऑफिसला. दिवसातला एक तास. यात अवघड काय आहे?

तर ऐका. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दोन विंग, बेचाळीस घरं. आमच्याकडे पालिकेचं पाणी येतं सकाळी सहाला. ते खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपानं वर चढवायचं असतं. हे सगळं वॉचमन करतो, बटण एकच आहे, त्यावर हिरवा टिळा लावलेला आहे. पण बेचाळीस घरांची अशी ठाम समजूत होती की सेक्रेटरीनं लक्ष घातल्याशिवाय पाणी चढत नाही, आणि ही समजूत कोणी पसरवली हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मी. सहाच्या ठोक्याला फोनवरच्या ग्रुपमध्ये सुरू व्हायचं. 'पाणी आलं का?' 'बी विंगला प्रेशर नाही.' मधे कोणाचं तरी सूर्यफुलावर लिहिलेलं शुभ सकाळ. 'माझ्या पार्किंगमध्ये परत ती पांढरी गाडी.' मग अंगठे, मग हात जोडलेले, मग 'सेक्रेटरीसाहेब बघतीलच.' आता साहेब म्हटल्यावर माणूस काय करणार? ऑफिसात मला वीस वर्षांत कोणी साहेब म्हणालं नव्हतं.

पहिला आठवडा छान गेला. बाबा खुर्चीतून उठून गॅलरीच्या दारात उभे राहायचे, तोच रंगमंच. मी वेताच्या मोड्यावर, वही मांडीवर, फोन टेबलावर पालथा. पालथा फोन मात्र नुसता पडून राहत नाही. तो थरथरतो, सरकतो, चमच्याला लागून वाजतो. बाबा वाक्याच्या मधोमध थांबायचे आणि म्हणायचे, "घे, घे. कोणाचा तरी नळ असात."

दुसऱ्या आठवड्यात बायकोनं फोन उचलला आणि इडलीच्या भांड्यात ठेवून झाकण लावलं. ती एका बँकेत आहे, तिचा स्वभाव काउंटर बंद करणाऱ्यांचा. "एक तास तुझ्यावाचून सोसायटी तहानेनं मरत नाही रे," ती म्हणाली. "आणि मेलीच तर तेराव्याचं जेवण मी घालीन."

फोन भांड्यात गेला तर माणसं दारात आली. चेअरमन, वय बहात्तर, हाफ पँट, हातात पाण्याच्या मीटरचा फोटो. तळमजल्याच्या वहिनी, ओल्या हातानं. मी दारावर कागद लावला: 'तालीम चालू आहे. सकाळी सहा ते सात कृपया बेल वाजवू नये.' झालं. दुसऱ्या दिवशी चार जणांनी बेल वाजवून विचारलं, कसली तालीम? तिघांना नाटकात काम हवं होतं. चौथे चेअरमन. त्यांना हरकत घ्यायची होती की नोटीस फलकाऐवजी दारावर का लावली.

हे मी चार लोकांत रंगवून सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण यापुढचा भाग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

बेल मी काढून टाकली. कागद ठेवला. दार बंद, फोन भांड्यात, बायको आंघोळीला. सगळी व्यवस्था झाली. आणि मला चैन पडेना. घर शांत, बाबा समोर उभे, कोणालाही माझी गरज नाही. खाली बटण दाबलं गेलं असेल, पाणी चढत असेल, माझ्याशिवाय. मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी इडलीच्या भांड्यातून फोन काढला, आवाज बंद केला आणि वहीच्या आत ठेवला. वही उंच धरली. बाबांच्या बाजूनं फक्त पुठ्ठा दिसत होता. बावन्न वर्षांचा माणूस मी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापापासून फोन लपवत होतो.

आणि मला जमायला लागलं. डोळा ग्रुपवर, कान बाबांवर. बाबा थांबले की मी शब्द द्यायचो. शब्द मला पाठच होते. बाबा पुढे जायचे. मला वाटलं, तालीम झाली.

बाबांना काय वाटत होतं ते तेव्हा मला कळलं नाही. ते पॉजच्या आधी रोज एकदा विचारायचे, "बघतंस मा?"

"बघतोय ना, बाबा."

त्या जागी बाबांचं थांबणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नव्हतं. काकाचा गोल पन्नाशीच्या माणसाचा होता. आता ते कधी खरा पॉज घ्यायचे आणि कधी वाक्यच हरवलेलं असायचं. बाहेरून दोन्ही सारखं दिसत असणार. असणार म्हणतो, कारण मी पाहिलं नाही. दोन्ही वेळा मी वहीआडून "होडी गावली गो" म्हणून मोकळा व्हायचो, आणि तेही "होडी गावली गो" म्हणायचे.

सुनेचं काम करणारी मुलगी घाटकोपरच्या एका इस्पितळात नर्स. ती रविवारी घरी यायची. एका रविवारी चपला घालताना म्हणाली, "दादा, एक सांगू? मी तिथे पाठमोरी असते. काका अडले की थांबलेत हे मला दिसणारच नाही. तुम्हाला एकट्याला दिसणार. तुम्ही खूण करून ठेवलीय ना, कधी द्यायचं आणि कधी नाही?"

"केलीय गं."

"कसं ओळखता पण?"

"अगं, मुलगा आहे त्यांचा," मी म्हणालो. काय वाक्य होतं. टाळी पडायच्या लायकीचं.

नाटक एका रविवारी दुपारी, मुलुंडमधल्याच एका हॉलमध्ये. त्या दिवशी मी फोन बंद करून बायकोच्या पर्समध्ये टाकला. मी मन घट्ट केलं, वगैरे काही नाही. सोपं गेलं. स्टुलावर बसलो, काकासारखी वही मांडीवर ठेवली आणि नजर बाबांवर. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे सलग पाहत होतो. ते किती बारीक झाले होते. सदऱ्याच्या गळ्यात मान हलायची.

पहिला अंक सरळ गेला. चार-पाच शब्द मी दिले, त्यांनी अलगद उचलले, तिसऱ्या रांगेलासुद्धा कळलं नाही. दुसऱ्या अंकात तांडेल समुद्राकडे बघत उभा असतो आणि मुलाच्या लहानपणाचं काहीतरी सांगता सांगता थांबतो. बाबा थांबले. मी एक क्षण थांबलो. ओठ उघडले आहेत, शब्द येत नाही. मी दिला, जरा मोठ्यानं. प्रेक्षकांत खसखस पिकली, प्रेमाची, म्हाताऱ्या माणसासाठी असते तशी. बाबांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं. रागावून नाही. माणूस जेवायला बसलेला असताना ताट कोणी ओढून घ्यावं, तसं पाहिलं. ते विसरले नव्हते. ते समुद्र बघत होते, आणि मी मधे बोललो होतो.

मग त्यांनी वाक्य म्हटलं, पण नुसतंच म्हटलं.

मध्यंतरात मी त्यांच्यासमोर गेलो नाही. विंगेत बसूनच वही चाळत राहिलो. आता यापुढे घाई करायची नाही, तिसऱ्या अंकातली ती जागा तर बिलकुल नाही, असं स्वतःला बजावत. तिथे निदान खूण तरी बघून ठेवू म्हणून ते पान उघडलं. काकाचा गोल पुसट झाला होता, आणि त्याच्या शेजारी, जिथे मी तीन महिन्यांत बाबांच्या नव्या थांबण्याच्या खुणा करायला हव्या होत्या, तिथे समासात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'टँकर साडेसहा, ए विंग. चावी वॉचमनकडे.' त्याखाली टँकरवाल्याचा नंबर. आधीच्या पानावर गळणाऱ्या पाइपचं चित्र, बाण काढून. मी सगळी वही पाहिली. रोज त्या तासात मी ती भरत होतो. बाबांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

तिसरा अंक सुरू झाला. बाबा आले. नर्स मुलगी पाठमोरी, दिव्यापाशी. तिनं विचारलं, "काय कळला?"

बाबा थांबले.

पंखे ऐकू यायला लागले. मी गळ्याकडे पाहिलं. शीर हलली. ती तेव्हाही हलायची. ओठ उघडले, मिटले. तेव्हाही मिटायचे. हॉलमध्ये कोणी खोकत नव्हतं. मला वाटलं, हा तोच. जुना. आला. माझ्या तोंडाशी शब्द होते आणि मी दात आवळून धरले. बाबांनी डोळे फिरवून विंगेकडे पाहिलं, माझ्याकडे. दुसऱ्या अंकातही पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ होता, बोलू नकोस. मी बोललो नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे, घ्या बाबा, हवा तेवढा घ्या.

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्या हॉलनं. मंडळातले जुने लोक उभे राहून वाजवत होते. बाबा टाळ्यांच्या मधे उभे होते आणि त्यांचे हात सदऱ्याच्या टोकाला लागले होते. ते टोक ते गुंडाळत होते, सोडत होते. घरी, संध्याकाळच्या वेळी, आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं की ते असंच करतात.

तेव्हा मला कळलं. मी शब्द दिला. टाळ्यांत तो कोणाला ऐकू जाणार?

त्या मुलीनं मात्र ओळखलं असावं. पाठमोरं बसायचं सोडून ती उठली, दिवा तसाच ठेवला, बाबांपाशी गेली, त्यांचा हात धरला आणि त्यांचंच वाक्य त्यांना विचारलं. "होडी गावली, मामंजी?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "होय," म्हणाले.

पडदा मी ओढायचा नव्हता, दुसऱ्या कोणी ओढला.

मेकअपच्या खोलीत गर्दी. अध्यक्षांचे डोळे ओले. "काका, काय थांबलात, बापरे. अंगावर काटा आला माझ्या." कोणी पाया पडलं. कोणी म्हणालं, असा पॉज आता होणे नाही. बाबा हात जोडत होते, हसत होते. जे त्यांनी केलंच नव्हतं, त्याचं कौतुक ते एकेकाकडून नम्रपणे घेत होते, आणि मी त्यांच्या शेजारी वही काखेत मारून उभा होतो. मलाही दोघांनी हात मिळवला.

लोक पांगल्यावर मी ओल्या टॉवेलनं त्यांच्या कपाळावरचा रंग पुसायला लागलो. त्यांनी माझा हात धरून थांबवला.

"तू खंय होतंस?"

"इथेच होतो बाबा. दोन हातांवर."

"मी बघलंय तुझ्याकडे." मग माझा हात सोडला. "माका वाटला, तुका कळतला."

मी टॉवेल पिळला. रंग राहिला होता तो पुसला.

पुढच्या सभेत मी सेक्रेटरीपद सोडलं. चेअरमननी आभाराचं भाषण केलं, बिस्किटं वाटली. आता ते काम तळमजल्याच्या वहिनींकडे आहे. पाणी सहाला येतं आणि सव्वासहाला वर चढतं, आधीही तसंच चढत होतं. ग्रुपमधून मी बाहेर पडलो त्या दिवशी तिघांनी हात जोडलेले पाठवले आणि चौथ्यानं विचारलं, पाणी आलं का?

सहा ते सात मी आजही बाबांसमोर बसतो. हातात काही नसतं. इतकं मोकळं बसायला मला आता काहीच कष्ट पडत नाहीत, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या तीन महिन्यांत हे असंच करायचं होतं. दारावर कागद लावला, बेल काढली, फोन भांड्यात घातला, सगळ्या जगाला मी बाहेर ठेवलं. आत मोड्यावर जो बसला होता त्याचं मी काहीच केलं नाही. बाबांचं थांबणं शिकायला रोज एक तास होता, तेव्हा ते रोज दोन्ही तऱ्हांनी थांबत होते, जणू उजळणी देत होते. माझ्या डोळ्यांसमोर नव्वद दिवस ते चाललं आणि मी ते पाहिलं नाही. नाटकाच्या दिवशी मी डोळे फाडून बघत होतो. पण मला ते वाचता येत नव्हतं.

नाटक झालं हे बाबांच्या लक्षात नाही. कधीकधी विचारतात, कधी असा आपला? मी म्हणतो, आहे वेळ.

आता ते नाटकाच्या वाक्यांतच थांबतात असं नाही. साध्या बोलण्यात थांबतात. परवा सकाळी खुर्चीत बसून म्हणाले, "आज माका..." आणि पुढचं गेलं. ओठ उघडे. मी थांबलो. बराच थांबलो. शीर हलली. ते माझ्याकडे बघायला लागले.

"चहा देऊ, बाबा?"

मान हलवली, नाही.

"खाली फिरायला जायचंय?"

नाही.

"गावाला जायचंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सदऱ्याचं टोक सोडलं आणि म्हणाले, "होय."

त्यांना तेच म्हणायचं होतं का, मला माहीत नाही. मी आणखी एक शब्द विचारला असता तर त्यालाही ते होय म्हणाले असते, असं मला वाटतं. कंटाळून, किंवा मला वाईट वाटू नये म्हणून. मी पुढच्या महिन्याची गावची तिकिटं काढली आहेत. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कोण जाता गावाक?"